काठाने धरायचं नाणं

नाणं काठाने धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, हे मला आजोबांनी शिकवलं. बोटाचा घाम सोन्यालाही खातो, असं ते म्हणत, आणि नाणी जमवणाऱ्यांत हा धर्मच मानला जातो. यादवी युद्धाच्या काळातली नाणी माझ्याकडे पुष्कळ होती, पण जीव होता तो एकाच नाण्यावर, आमच्या डलॉनेगा गावातल्या टांकसाळीत १८६१ साली पाडलेल्या पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर. त्यावरच्या मुकुटवाल्या बाईच्या कानावरची बट इतकी रेखीव होती की नाणं कालच पाडलंय असं वाटावं. जाणकारांकडून पारखून मी ते पारदर्शक डबीत कायमचं बंद करून घेतलं होतं.

माझ्या बायकोची, व्हर्डीची, दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली. रोज सकाळी ती माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत अंगठा फिरवायची, मला ओळखायची आणि मगच कॉफी ओतायची. एकदा म्हणाली, "त्या तुझ्या राणीला हात लावू दे की. सवत दिसायला कशी आहे ते तरी कळू दे." मी ते हसण्यावारी नेलं.

त्या उन्हाळ्यात कानावरची बट मला जराशी बुजलेली दिसली. नाणं पहिल्यांदा तिथेच झिजतं, हे खरं; पण झिजतं ते खिशात, बोटांत. बंद डबीत कसं झिजेल? पुढे गाल सपाट झाला, मग ओठ गेले. डबीचं सील जसंच्या तसं होतं. घरात माणसं दोन, आणि त्यातला एक मी, तेव्हा संशय दुसरीकडे कुठे जाणार? मी तिजोरीची किल्ली गळ्यात घालू लागलो आणि सकाळी व्हर्डीच्या हाताजवळ जायचंही टाळू लागलो. ती विचारायची, "हार्लन, तूच ना?" मी दारातूनच हो म्हणायचो.

"आवाज काय, कुणीही काढेल," ती एकदा पुटपुटली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी डबीत नुसती सोन्याची चकती उरली होती. मला राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. मी हातोडीने डबी फोडली आणि नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. "घे, उरलंसुरलंही झिजव."

तिने त्यावरून सावकाश अंगठा फिरवला. "किती कोरीव आहे रे! ही कानावरची बट, हे ओठ. हिला कधी कुणी हातच लावलेला नाही."

ती खोटं बोलत नव्हती. त्या गुळगुळीत सोन्यावर तिचं नख बटेच्या वळणाने अगदी बरोबर फिरत होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्या खुर्चीशी गुडघे टेकले आणि कितीतरी दिवसांनी तिचा अंगठा माझ्या कपाळावर ठेवला.

अंगठा खाली सरकला आणि नाकाशी, ओठांशी, कुठेही न अडता सरळ हनुवटीपर्यंत आला. तिने तो पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला. मग हळूच हात मागे घेतला, नाणं मुठीत घट्ट धरलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "हार्लन?"