दोनशे बारा तक्रारी

“काका, ‘बघतो’ हे काही स्टेटस झालं का?” मानसनं लॅपटॉप विश्वासरावांकडे वळवला. “नवीन, काम चालू, झालं, होणार नाही. बस, चारच ठेवू. प्रत्येक तक्रारीला यातलं एक.”

“पाचवं असू दे ना एखादं. विचाराधीन वगैरे.”

“सरकारी फाइल आहे का ही, यार!”

आतून लतिकाबाई हसल्या. “अरे, यांना नाही म्हणायला कुठं येतं? बारा वर्षं इथल्या मराठी मंडळाचं कार्यवाहपद गळ्यात घेऊन बसलेत.”

खोटं नव्हतं ते. विश्वासरावांनी नऊ वर्षांपूर्वी, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या याच सरकारी क्वार्टरमध्ये, मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम लिहिला. कुणीही फुकट वापरावा, उघडून हवा तसा बदलावा, असा. लोक वापरू लागले, तक्रारी लिहू लागले, आणि हे गृहस्थ ऑफिसातून आले की चहा घेत प्रत्येकाला उत्तर द्यायचे: बघतो. कुणाचं मन कशाला मोडा! मदतीला चार-पाच पोरं आता मिळाली होती. गुडगावच्या कंपनीतला हा पुण्याचा मानस त्यांतलाच. पण विश्वासरावांचे डोळे आणि पाठ केव्हाच थकली होती.

“दोनशे बारा तक्रारी वर्षापेक्षा जुन्या आहेत,” मानस म्हणाला. “एका क्लिकमध्ये ‘होणार नाही’ करून टाकतो.”

“थांब. कुमुदिनीबाईंची आहे त्यात.”

मिरजेकडच्या एका अंधशाळेत त्या शिकवायच्या. मूल जे अक्षर दाबेल ते कॉम्प्युटरनं मोठ्यानं म्हणावं, एवढंच मागणं. सहा वर्षांत त्यांनी सहा वेळा विचारलं होतं.

“आपल्याला जमेल हे?” विश्वासरावांनी विचारलं.

“आवाजाचं काम आहे, काका. आपल्यात कुणालाच येत नाही. खरं सांगू? तुम्हालाही ते तेव्हाच माहीत होतं.”

माहीत होतं. विश्वासरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःच्या हातानं ‘होणार नाही’ निवडलं आणि खाली दोन ओळींत माफी मागितली.

तासाभरात उत्तर आलं. मानसनं ते वाचून दाखवलं.

“सर, नमस्कार. स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. दर जूनला मी नव्या मुलांना सांगत आले, की दिल्लीचे एक काका तुमच्यासाठी बोलणारा कीबोर्ड करताहेत. पहिल्याच वर्षी नाही म्हणाला असतात, तर मी दुसरीकडे खटपट केली असती. सहा वर्गांतली मुलं तशीच बाहेर पडली. असो. या जूनला सांगणार नाही.”

लतिकाबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणास ठाऊक.

“काका, बाकीच्या मी बंद करतो,” मानस हळूच म्हणाला. “तुम्ही नका बघू. एक क्लिक तर आहे.”

“नको.”

विश्वासरावांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चष्मा पुसला आणि पुढची तक्रार उघडली. ती कुणा हरिदास नावाच्या माणसाची होती. एकेक अक्षर सावकाश दाबत ते टाइप करू लागले: ‘हरिदासजी, हे आमच्याकडून होणार नाही. चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.’

पाठवलं. मग त्यांनी त्याच्या खालची उघडली.