चौदा क्रमांकाचा झगा

बसमध्ये पयोमच्या मांडीवर कापडी पिशवी होती. शेजारच्या बाईनं तीनदा सांगितलं तरी तिनं ती वरच्या फळीवर ठेवली नाही.

"सोनं आहे का काय त्यात?" बाईनं शेवटी विचारलंच.

"सोनं असतं तर कधीच वर ठेवलं असतं," पयोम म्हणाली.

पिशवीत पदवीचा झगा होता. काळा, जाळीदार, काठाला पिवळी पट्टी. वारा लागला तर उडून जाईल असा हलका. पण पयोमला तो दरवर्षी थोडा जड लागायचा. यंदा फारच.

विद्यापीठाच्या रेशीम विभागात एक रिवाज होता. हजेरीत तुमचा जो क्रमांक, तोच क्रमांक पुढच्या वर्षी ज्याला मिळेल तो तुमचा धाकटा. चौदाची धाकटी चौदा, तिची धाकटी पुन्हा चौदा. थोरलीनं धाकटीला जुन्या वह्या द्यायच्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी भाताची पुडी द्यायची, आणि शेवटी आपला झगा द्यायचा. तो टपालानं धाडायचा नाही, तिऱ्हाइताच्या हाती द्यायचा नाही, धाकटीला न्यायला बोलवायचं नाही. थोरलीनं चालत यावं आणि आपल्या हातानं तो तिच्या खांद्यावर घालावा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. दाणे पाखडताना सूप कसं धरायचं, हे तरी कुठं लिहिलेलं असतं?

पयोम पहिल्या तुकडीची. तिच्यानंतर चौतीस चौदा झाले. प्रत्येकाचं नाव झग्याच्या गळ्याशी आतून लाल रेशमानं भरलेलं. खरं तर आदल्या वर्षीच्या चौदानं पुढच्या चौदाला झगा द्यायचा, पण या माळेत पयोमनं तो मान कुणाला घेऊच दिला नाही. पदवीदान आटोपलं की ती झगा मागून न्यायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची आणि वर्षानं स्वतः घेऊन यायची. धाकट्यांनी थोरल्याला 'पी' म्हणायचं. पोरं हसायची. म्हणायची, पी पयोमचा जीव गोष्टीतल्या राक्षसासारखा बाहेर ठेवलेला आहे, त्या झग्यात.

खोटं नव्हतं ते.

बस कोराटच्या थांब्यावर थांबली. सगळे उतरले, कुणी भाजलेली कोंबडी घेतली, कुणी फणसाचे गरे. पयोम उतरली नाही. ती इथं कधीच उतरत नसे. डोळे मिटून बसे.

या थांब्यावरच्या तिसऱ्या बाकावर ती एकदा सकाळपासून दुपारपर्यंत बसली होती. वय तेवीस. बँकॉकच्या कापड कारखान्यात रंगखात्यात नवी नोकरी. तिची पहिली धाकटी, उआंग, त्या वर्षी पदवी घेणार होती. पयोमनं विभागात फोन करून तिला सांगितलं होतं, "मला सुट्टी नाही गं. तू कोराटपर्यंत ये, मी कोराटपर्यंत येते. अर्धी वाट तुझी, अर्धी माझी." आणि उआंग हसून म्हणाली होती, "पी, रिवाज मोडतेयस हं. दंड म्हणून भात तू चारायचा."

पयोमनं भात आणला होता. बाकावर बसून हातात सुई-दोरा घेऊन ती वाट बघत होती. उआंगची बस आली नाही. ऊस भरलेला ट्रक आडवा आला होता. चौघं गेली त्यात. उआंग खिडकीशी बसली होती.

त्या वर्षी झगा कुणी घातला नाही. पयोमनं आपल्या नावाखाली लाल रेशमानं उआंगचं नाव भरलं आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या चौदाकडे स्वतः घेऊन गेली. तिसऱ्या चौदानं विचारलं, "पी, ही उआंग कोण?"

"माझी धाकटी. लांब असते," पयोम म्हणाली.

एकदा तोंडातून गेलं, मग दरवर्षी तेच गेलं. तेहतीस वर्षं उआंग लांब राहिली.

*

विभागामागची तुतीची बाग निम्मी उपटली होती. उरलेल्या झाडांखाली चटया घातल्या होत्या. रेशीम शिकायला आता कुणी येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी शेवटची तुकडी घेतली, ती आता बाहेर पडणार, आणि विभागाच्या दाराला कुलूप लागणार. शेवटची चौदा होती फाय. काटकुळी, उंच, बोलायला लागली की थांबणं माहीत नसलेली.

"आली! माझी खापरपणजी आली!" फाय लांबूनच ओरडली आणि धावत आली.

"पी म्हण. पणजी म्हणालीस तर झगा परत नेईन."

"न्या की. पुढं द्यायला आहेच कोण!" फाय हसत म्हणाली, आणि मग दोघींचंही हसू विरलं.

चटयांवर एकोणीस चौदा जमले होते. कुणी टक्कल पडलेला, कुणी कडेवर पोर घेतलेली. अकरावा चौदा सोमचित, मोठ्या पोटाचा, भाजलेल्या रेशीमकिड्यांची थाळी घेऊन फिरत होता. "खा, खा. चार वर्षं ह्यांनी आपल्याला खाल्लं, आता आपण ह्यांना खाऊ."

"पी सोमचित, तुम्ही सहा वर्षं लावलीत," फाय म्हणाली.

"म्हणून तर डबल खातोय!"

पयोम हसली. बांबूच्या डबीतला चिकट भात, कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर, माशाचं खारट पाणी. सगळं तसंच. ही पोरं तिची नव्हती आणि तिचीच होती. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, इतकी पोरं असताना नवरा कशाला.

फायनं तिच्या कानाशी तोंड आणलं. "पी, एक गंमत करणारेय. आज जीव बोलवायच्या विधीत झग्यातली सगळी नावं घ्यायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत. जे आलेत ते 'आलो' म्हणतील, जे नाहीत त्यांच्या वतीनं मी म्हणेन. वर्षभर सगळ्यांना हुडकलं मी! कुणी कोरियात, कुणी लाओसमध्ये, एक तर भिक्खू झालाय."

पयोमच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. "सगळ्यांना?"

"एकच मिळेना. तुमची धाकटी." फायचा आवाज खाली आला. "मग जुन्या नोंदवहीत गावाचं नाव मिळालं. गेले तिथं. पी, ती तर... तुम्हाला ठाऊक नाही का? ती कधीच गेली. झगा घालायच्या आधीच. तिची आई आहे. मी घेऊन आलेय तिला."

चटईच्या कडेला, उपटलेल्या तुतीच्या बुंध्याला टेकून एक म्हातारी बसली होती. पान खाऊन ओठ काळपट लाल. नेसूचं जुनं रेशमी, घरी विणलेलं. ती पयोमकडेच बघत होती.

जीव बोलवायला, म्हणजे भटकलेला जीव देहात माघारी आणायला, गावचा म्हातारा पुजारी आला होता. मधोमध केळीच्या पानांचा मनोरा, त्यावर फुलं, उकडलेली अंडी, आणि पांढऱ्या सुताचे दोरे लोंबत. सगळ्यांनी मनोऱ्याला हात लावला, ज्याचा पोहोचला नाही त्यानं पुढच्याच्या खांद्याला लावला. पुजारी लांबवून म्हणू लागला,

"ये रे जीवा, ये माघारी,
रानात बसू नको, नदीत नाहू नको,
वाट चुकलास तर दिवा बघ दारी,
परक्याच्या भाताला भुलून राहू नको."

मग फायनं झग्याचा गळा उलटा केला आणि नावं वाचू लागली.

"पयोम."

"आले," पयोम म्हणाली.

"उआंग."

आपण म्हणायचं, की आईनं, हे फायला ठरवता येईना. ती थांबली. तुतीच्या पानात वारा सळसळला आणि तोही थांबला. म्हातारीनं पान चावायचं थांबवलं.

पयोमचा हात मनोऱ्यावर होता.

"ती लांब नसते," ती म्हणाली. "मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले, लांब असते म्हणून. ती झगा न्यायला निघाली होती. मी बोलावलं होतं तिला कोराटला. मला सुट्टी नव्हती. म्हणजे मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. झगा मी आणायचा होता. न्यायला ती निघाली."

सोमचितनं थाळी खाली ठेवली. कडेवरचं पोर रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड छातीशी दाबलं. फायच्या हातात झगा तसाच उलटा राहिला.

म्हातारी, माय बुनलाय, म्हणाली, "ठाऊक आहे मला."

ती बुंध्याला धरून सरळ बसली.

"निघताना सांगून गेली ती. म्हणाली, माय, पी पयोम अर्ध्या वाटेवर येतेय. रिवाज मोडला म्हणून मी तिला चिडवणार आहे. तुझं नाव मला पाठ आहे, बाई. लेकीच्या नावाइतकंच पाठ आहे." तिनं विड्याचा चोथा केळीच्या पानात थुंकला, ते दुमडून बाजूला ठेवलं. "पहिल्या वर्षी वाटलं, येशील. दुसऱ्या वर्षी वाटलं, येशील. मग ही पोरगी आली, आणि तिनं सांगितलं, पी पयोम दरवर्षी येते. तेहतीस पोरांना हातानं झगा नेऊन दिला." ती थांबली. "इथून माझं घर अठरा किलोमीटर आहे."

पयोमनं दोन्ही हात जोडून कपाळ चटईला टेकवलं. ती तशीच राहिली. उठायचं कसं ते तिला कळत नव्हतं.

फायनं पुढची नावं वाचली. वाचायलाच हवी होती. जीव अर्धे बोलावून सोडत नाहीत. 'आलो', 'आले', 'आलो'. काही आवाज रडके होते. शेवटी "फाय," असं तिनं स्वतःच म्हटलं आणि स्वतःच "आले" म्हटलं.

मग दोरे बांधायला सुरुवात झाली. थोरल्यानं धाकट्याच्या मनगटाला बांधायचे. पयोम पहिली, तिला थोरलं कुणी नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत तिच्या मनगटाला इथं कधी दोरा बांधला गेला नव्हता. तिनं फायला दोरा बांधला. झगा तिच्या खांद्यावर घातला. फाय उंच, तो तिच्या पोटऱ्यांशीच संपला.

माय बुनलायनं मनोऱ्यावरचा एक दोरा ओढून घेतला. पयोमनं, का ते तिलाही कळलं नाही, हात पुढं केला. म्हातारीनं त्या मनगटाकडे पाहिलं. मग दोरा गुंडाळून मुठीत धरला.

"इथं नाही," ती म्हणाली. "पोरीची पदवी होऊ दे. मग झगा घेऊन घरी ये. हातानं आण."

*

पदवीदान झालं. फायनं झगा घडी करून पयोमच्या हातात दिला. नेहमीसारखे फोटो काढले, नेहमीसारखं कुणी हसलं नाही.

"येऊ का सोबत?" फायनं विचारलं.

"नको. हा माझाच फेरा आहे."

गावाकडे जाणाऱ्या उघड्या गाडीत पोरानं भाडं मागितलं. "कुठं, आजी?"

"बान हुआय-साय," पयोम म्हणाली. हे नाव तिनं आजवर मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. अठरा किलोमीटरला अर्धा तास लागला. तेवढाच.

खांबांवर उभं घर, खाली सुनं हातमागाचं धूड. माय बुनलाय पायरीवर बसली होती, जणू त्या दिवसापासून उठलीच नव्हती. पयोमनं पायताणं काढली, गुडघे टेकले आणि झगा दोन्ही हातांवर ठेवून पुढं केला.

म्हातारीनं तो घेतला नाही लगेच. आधी हात नेसूला पुसले. मग झगा उभा धरला, खांद्यापासून खाली सोडला. गळ्याशी लाल नाव बोटानं चाचपलं. वाचता तिला येत नव्हतं.

"वरून दुसरं?"

"दुसरं."

मग तिनं झगा दाराच्या खांबाला लावून पाहिला. खांबावर चाकूनं पाडलेल्या बारीक खुणा होत्या, एकावर एक, लेकरू वाढतं तशा. सगळ्यात वरची खूण पयोमच्या हनुवटीशी येत होती.

"लांब झाला असता तिला," म्हातारी म्हणाली. "जमिनीला घासला असता." आणि खालचा काठ उचलताना तिचं बोट थांबलं. काठाच्या वर चार बोटांवर, सगळीकडून, सुईची जुनी भोकं होती. "ही घडी कुणाची?"

"तिचीच," पयोम म्हणाली. "कोराटला बाकावर बसून घातली होती. ती येईपर्यंत. ती ठेंगणी म्हणून."

"मग उसवली कुणी?"

"मीच. तिसरी चौदा उंच होती."

अंगणात कोंबडी पिलांना घेऊन मागाखाली शिरली. म्हातारी आत गेली आणि वेताची लहान टोपली घेऊन आली. तीत सुया होत्या, काळ्या दोऱ्याची गुंडी होती. ती तिनं पयोमपुढं ठेवली.

"घाल परत."

पयोम खालच्या पायरीवर बसली. डोळ्यांना सुईचं नाक दिसेना. दोरा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओवला गेला. जुन्या भोकांतूनच टाके घेत ती काठ वर दुमडू लागली, चार बोटं, एका ठेंगण्या मुलीच्या मापाचा. म्हातारी वरच्या पायरीवर बसून बघत होती. तिच्या मुठीत पांढऱ्या सुताचा दोरा होता.

पयोमनं मान वर केली.

"आधी घडी पुरी कर," माय बुनलाय म्हणाली.