दाताला हात लावायच्या आधी

मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढायचा, एक नजर टाकायची आणि वय सांगून मोकळं व्हायचं, हे काम कडूबाई चाळीस वर्षं करत आली होती. दोनदाती, चारदाती, भरल्या तोंडाची. बाजारात तिच्याशी वाद घालायला कुणी थांबत नसे. एकदा एका दलालानं म्हाताऱ्या मेंढीचे लांबलेले, फाकलेले दात कानशीनं तासून सारखे केले आणि तरणी म्हणून तिच्यापुढं आणून उभी केली. कडूबाईनं चार माणसांत दोर त्याच्या हातात परत दिला. ही आता वाळल्या गवताला तोंड लावायची नाही, मग तू काय तिला घास भरवणार आहेस का, असं तिनं विचारलं. तो दलाल पुढं वर्षभर तिला बघितलं की रस्ता बदलायचा.

अशा बाईच्या घरात, तिला न विचारता, दात तासून घ्यायचं ठरलं होतं.

ठरवलं होतं नातवानं. भागवत चोवीस वर्षांचा. मेंढरं त्याच्या थोरल्या भावाकडं, आणि ह्याच्या हातात माईक. हळदी, बारशी, मास्तरांच्या निवृत्तीचे सत्कार, सगळीकडं निवेदक म्हणून ह्यालाच बोलावणं. आवाज असा की मांडवाच्या मागं भांडी घासणाऱ्या बायाही हात थांबवून ऐकायच्या. फक्त दात तपकिरी. वस्तीवरच्या बोअरचं पाणी पिऊन वाढलेल्या सगळ्याच पोरांचे तसे, म्हणून लहानपणी कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मग कुणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं, माईकवाल्याच्या दातावर गंज चढलाय. त्या एका ओळीवर शे-दोनशे माणसं हसली.

येत्या रविवारी पाटोद्याला मोठा सत्कार होता. त्याआधी बीडला जाऊन वरचे दहाच्या दहा दात पांढरे करून घ्यायचे, त्याला व्हेनिअर म्हणतात, दातावर पातळ कवचं चिकटवतात, दोन दिवसांचं काम आहे, असं भागवतनं जेवताना सांगून टाकलं. गुरुवारची वेळसुद्धा घेऊन झाली होती. परमेश्वरनं नाही का केले, असंही वर म्हणाला.

परमेश्वर म्हणजे साउंडवाला, भागवतचा जोडीदार. त्यानं गेल्या वर्षी आठ दात करून घेतले होते. हसला की न्हाणीघरातली फरशी चमकावी तसं दिसायचं. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन दारात आला, तेव्हा कडूबाईनं त्याला ओट्यावर बसवलं आणि ओठ वर करायला सांगितलं. तो आधी हसला. मग तिची नजर बघून त्यानं ओठ वर केला. दातांच्या मुळाशी हिरड्या लालभडक, फुगलेल्या. बोट नुसतं टेकवलं तर रक्त आलं. कडूबाईनं माठातलं गार पाणी भरून तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला. पठ्ठ्या तांब्याला हात लावेना. मग हळूहळू बाहेर पडलं. गार लागलं की कळ मस्तकात जाते. एक कवच मटणाचं हाडूक फोडताना निघालं होतं, ते पुन्हा चिकटवून आणलं.

"निगालं तवा आत काय दिसलं?" कडूबाईनं विचारलं.

परमेश्वरनं भागवतकडं बघायचं टाळलं. "बारीक खुंट हाय, आजी. आदी सबंद दात हुता."

भागवत म्हणाला, ह्यानं काळजी घेतली नसेल. कडूबाई म्हणाली, गुरुवारी मीपण येते.

बीडच्या त्या दवाखान्यात भिंतभर हसऱ्या तोंडांची चित्रं होती. भागवतला खुर्चीत आडवं केलं, गळ्यात कागदी फडकं बांधलं, ओठाजवळ रंगांची पट्टी धरून कुठला पांढरा पाहिजे ते विचारलं. हिरड्या कुणी बघितल्या नाहीत. सुपारी खातो का, झोपेत दात खातो का, कुणी विचारलं नाही. भुलीची सुई भरली जाऊ लागली, तेव्हा कोपऱ्यातून कडूबाईनं तीन गोष्टी विचारल्या. दात किती तासणार, तासलेलं परत येतं का, आणि वरचं कवच किती वर्षं टिकतं. सुई भरणारा माणूस म्हणाला, आजी, आता तंत्र फार पुढं गेलंय, तुम्हाला नाही समजायचं, बाहेर बसा.

"मला समजत न्हाई म्हणूनच इचारतीय. तुमाला समजतंय तर सांगा की."

त्यानं घड्याळाकडं बघितलं. कडूबाईनं नातवाच्या गळ्यातलं फडकं सोडलं आणि त्याला उठायला सांगितलं.

बाहेर रस्त्यावर भागवतचा तोल गेला. रिक्षावाले माना वळवून बघत होते, पण आज त्याला त्याची फिकीर नव्हती. रविवारी स्टेजवर माझं तोंड दिसणार आहे, तुझं नाही, असं तो म्हणाला. सहा महिने झाले, ओठ मिटून बोलतोय, जीभ अडखळते, लोकांना वाटतं पाठांतर नाही.

"दात माझे हायेत, आजी. तुझं काय जातंय?"

कडूबाईनं पदर खोचला.

"तुझेच हायेत," ती म्हणाली. "म्हणून इचारलं तर उत्तर देतंय आशा एका माणसाकडं चल. तितनं निघालास की दहा कर न्हाईतर ईस कर, मी तोंड उघडनार न्हाई."

कोर्टाच्या मागच्या गल्लीत डॉक्टर मनिषाबाईंचा छोटा दवाखाना होता. दोन वर्षांपूर्वी कडूबाई दाढ काढून टाका म्हणून त्यांच्याकडं गेली होती, आणि ही बाई दाढ वाचवा म्हणून अर्धा तास तिच्याशी भांडली होती. दाढ अजून तोंडात होती. तेव्हापासून कडूबाईवर तिचा वचक होता, आणि कडूबाईवर वचक असलेली माणसं थोडी होती.

मनिषाबाईंनी सगळं तोंड बघायला वीस मिनिटं घेतली. हिरड्या टोचून बघितल्या, एक्स-रे काढला, एक मागची दाढ किडलेली दाखवली. सुपारी चालू आहे हे भागवतनं सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. मग कडूबाईनं तेच तीन प्रश्न पुढं ठेवले.

"तासलेलं परत येत नाही, आजी. दाताचं वरचं कठीण आवरण एकदा गेलं की गेलं. पातळ कवच असेल तर थोडंच तासावं लागतं, नखाच्या जाडीइतकं, पण मग त्या दाताला जन्मभर काही ना काही झाकण लागणार. नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं. भागवत आता चोवीसचा आहे. म्हणजे किती वेळा बदलायचं, ते तुम्हीच धरा."

कडूबाईनं नातवाकडं अशी मान वळवली की बोलायची गरजच नव्हती. पण मनिषाबाई थांबल्या नव्हत्या. व्हेनिअर वाईट नसतं, त्या म्हणाल्या. योग्य दातावर, निरोगी हिरडीवर, योग्य हातानं केलं तर माणसाचं आयुष्य सुधारतं. दिसणार कसं ते आधी बघून घ्यायचं, आणि तेही दाताला न तासता. मग त्यांनी मऊ पांढरा लगदा भागवतच्या दातांवर साच्यानं बसवला, वाळू दिला, आणि आरसा त्याच्या हातात दिला.

भागवत बराच वेळ बघत राहिला. मग हसला. ओठ, गाल, डोळे, सगळं मिळून हसला. सहा-सात वर्षांचा असताना कोकरामागं पळत असा हसायचा. सकाळपासून ती पोराचं थेर मोडायला निघाली होती. घरात हा पोरगा इतके दिवस हसला नाही, आणि रोज त्याच्या ताटात भाकरी वाढूनही हे आपल्याला दिसलं नाही. ती खिडकीकडं वळून चष्मा पुसत बसली.

लगदा काढल्यावर भागवतनं पहिल्यांदा स्वतः विचारायला सुरुवात केली. दहा कशाला लागतात? लागत नाहीत, मनिषाबाई म्हणाल्या. आधी हिरड्या आणि दाढ. मग डागांवर पॉलिश आणि रंग उजळायचं औषध, बरेचसे डाग त्यानंच फिके पडतील. मधले दोन फार गडद आहेत, त्यांना कदाचित व्हेनिअर लागेल. ह्या पाण्याच्या डागांवर कवच चिकटवणं जरा नाजूक असतं, म्हणून घाई नको. शिवाय कवचाचा रंग नंतर बदलता येत नाही, तेव्हा बाकीचे दात आधी उजळून, मग त्यांच्या रंगाला जुळवायचं. आणि ते बसल्यावर सुपारी, हाडूक, दातानं बाटलीचं झाकण काढणं, सगळं बंद. झोपेत दात खात असशील तर रात्री घालायची पट्टी.

"किती दिवस लागतील?"

"चार महिने धर."

"आन् रविवारी?"

"रविवारी आहेत तेच दात."

त्या पहिल्या दवाखान्यात परत जायला अजून वेळ होता. चालत दहा मिनिटं. कडूबाईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. शब्द दिला होता म्हणून तिनं ते दातांखाली धरून ठेवलं. आयुष्यात इतकं जड काम तिनं थोड्याच वेळा केलं असेल.

भागवतनं संमतीचा कागद मागितला. मनिषाबाईंनी दोन कागद दिले, एक हिरड्यांच्या साफसफाईचा, एक व्हेनिअरचा. तो नुसता डोळे फिरवायला लागला, तेव्हा मात्र कडूबाई बोलली.

"मोठ्यानं वाच. मला वाचता येत न्हाई."

तो वाचायला लागला. आधी पुटपुटत, ओठ झाकत. दुसऱ्या परिच्छेदाला त्याचा आवाज सवयीनं मोकळा झाला. तासलेलं आवरण पुन्हा येत नाही. गार-गरम लागू शकतं. कवच निघू शकतं, फुटू शकतं, बदलावं लागतं. उपचार न करण्याचा पर्याय रुग्णाला समजावून सांगण्यात आला आहे. बाहेरच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली. एक बाई लेकराला घेऊन दारापर्यंत आली आणि भागवतच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. भागवतनं तिला बघितलं. ओठ मिटले नाहीत. उरलेल्या चार ओळी त्यानं तिच्याकडं बघतच वाचून पूर्ण केल्या.

मग त्यानं पहिल्या कागदावर सही केली. दुसरा घडी करून खिशात घातला.

"हा चार महिन्यानं. दोनच दाताचा, तेबी लागलं तर. मधी सुपारी खाल्ली तर मीच तुमाला येऊन सांगीन."

मनिषाबाईंनी हातमोजे चढवले, दिवा ओढून घेतला आणि सवयीनं कोपऱ्यातल्या म्हातारीकडं बघितलं. सुरू करू का आजी, असं त्यांनी विचारलं.

"मला कशाला इचारता, बाई?" कडूबाई म्हणाली. "त्याला इचारा."