ढोल्याला उठवायचा शब्द

भोंगा वाजला तेव्हा टेलरबाई एका कोटाला अस्तर लावत होत्या. चाचणीचा भोंगा नेहमी सोमवारी वाजायचा. आज सोमवार नव्हता, आणि हा मेला थांबायचं नावच घेत नव्हता. त्यांचा मशीनवरचा पाय आपोआप थबकला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. अणुवीज केंद्रात वेल्डर असलेला हा माणूस एरवी फोनवर गप्पांचं गुऱ्हाळ लावायचा, पण आज दोन वाक्यांत उरकलं.

"मला इथं थांबावं लागणार. तू ढोल्याला घेऊन नीघ, त्याला मागे ठेवू नकोस."

"म्हणजे तुम्ही कधी..." पुढचं बोलेपर्यंत फोन तुटला होता. पुन्हा लावला तर लागेना.

ढोल्या म्हणजे त्यांचा कुत्रा, अगदी नावाला जागणारा. असा प्रसंग आलाच तर म्हणून नवऱ्याने त्याच्यासाठी दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती. तिच्यात त्याचं खाणं होतं, पाण्याची बाटली, मुसकं, लशींचा कागद आणि स्वतःचा एक न धुतलेला शर्ट. त्या शर्टावरून नवराबायकोत वाजलंही होतं. "माझ्या वासाने शांत राहील तो," असं म्हणून नवऱ्याने शर्ट परत पिशवीत कोंबला होता. वसाहत रिकामी करायच्या सरावाच्या वेळी ढोल्याने तर सगळ्यांची वाहवा मिळवली होती. पण त्या दिवशी खरी गाडी आलीच नव्हती. साहेबांनी हात हलवून "गाडी आली असं समजा" म्हटलं आणि सगळ्यांनी निमूटपणे समजून घेतलं. सगळी मेख तिथेच होती.

आज खरी गाडी आली. टेलरबाई पिशवी खांद्याला लावून, ढोल्याला मुसकं घालून खाली पोचतात न पोचतात तोच कोणीतरी ओरडलं, "बस आली! बस! बस!"

ढोल्या बसला.

फाटकाच्या मधोमध बसला. नवऱ्याने त्याला पिल्लू असल्यापासून एवढी एकच विद्या शिकवली होती, पण अशी पक्की की 'बस' म्हटलं की हा खिळल्यासारखा बसे. रोज संध्याकाळी खालच्या बाकावर नवरा मित्रांशी गप्पा हाणायचा आणि हा पायाशी बसून राहायचा. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून टेलरबाई ओरडायच्या, "अहो, येताय ना?" मग दोघं जिना चढून वर यायचे, पुढे ढोल्या आणि मागे नवरा. त्याला उठवायचा शब्द कुठला, हे त्यांनी एकदा विचारलंही होतं. "मी कुठं उठवतो? तो उठतो आपला," नवरा हसून म्हणाला होता. तेव्हा नीट खोदून विचारलं असतं तर! आता त्यांना स्वतःचाच राग आला.

"ऊठ! चल! ढोल्या, चल ना रे राजा!" त्यांनी पट्टा ओढला, मागून ढकललं. ढोल्या नुसता त्यांच्याकडे बघत होता.

"अहो बाई, लोकांना जाऊ द्या," शेजारच्या मास्तरीणबाई मांजराची टोपली छातीशी धरून म्हणाल्या. "बस भरत आली."

"तो शब्द काढू नका! गाडी म्हणा, गाडी!"

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. पण फाटकावरच्या कर्ण्याला कोण सांगणार? तो आपला कोकलत होता, "ही शेवटची बस आहे. शेवटची बस." दर वेळी ढोल्या बूड आणखी घट्ट टेकवत होता, आपल्याला एवढ्या मोठ्या आवाजात हुकूम मिळतोय याचा त्याला अभिमानच वाटत असावा.

"आता बस झालं हं ढोल्या!" टेलरबाई कडाडल्या आणि लगेच जीभ चावली.

लोक वळसा घालून चढले. चालकाने हॉर्न दिला. "बाई, तुम्ही तरी चढा. मला थांबता येणार नाही."

"त्यांनी एवढं एकच सांगितलंय मला," त्या म्हणाल्या. याला सोडून जायचं आणि मग त्यांना तोंड काय दाखवायचं? कितव्यांदा तरी त्यांनी फोन लावला, आणि या वेळी तो लागला. पलीकडे नुसती खरखर, पावलांची धावपळ आणि मध्येच नवऱ्याचा दमलेला आवाज, "निघालात का?"

ढोल्याचं सांगायचं होतं, शब्द विचारायचा होता. पण तो आवाज ऐकला आणि सगळं डोक्यातून गेलं. रोज खिडकीतून ओरडायच्या तशाच त्या ओरडल्या, "अहो, येताय ना?"

ढोल्या उठला.

अंग झाडून त्याने शेपूट हलवलं आणि तडक पायऱ्या चढून गाडीत गेला. टेलरबाई बघतच राहिल्या. म्हणजे इतकी वर्षं त्याला त्याच उठवत होत्या! "अहो, उठला!" त्या फोनमध्ये म्हणाल्या. फोन केव्हाच तुटला होता.

त्या धावत चढल्या. पण ढोल्या आत सरकेना. रोजच्यासारखा मागे वळून तो दारातच उभा राहिला, बाहेर बघत. त्याच्या हिशेबाने मागून अजून एकजण चढायचा होता.

"आत घ्या त्याला. दार लावायचंय," चालक म्हणाला.

टेलरबाईंनी पिशवीतून शर्ट काढला आणि दारापासून जरा आत अंथरला. ढोल्याने तो हुंगला, त्यावर उभा राहिला आणि पुन्हा दाराकडे बघू लागला. त्याला काय सांगणार? त्या त्याच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बस."

ढोल्या बसला. दार लागलं, गाडी सुटली.

"उतरताना तीच हाक मारा, म्हणजे झालं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नाही मारायची," टेलरबाई म्हणाल्या. "ती त्यांच्यासाठी आहे. तिथे मी त्याला उचलून उतरवीन."