कोणता रकाना, कोणता पाय

मित्रांनो, मी एक जुना, आटोपशीर प्रोग्राम आहे. बुटांच्या एका कारखान्यात मालकांच्या धाकट्या बहिणीने मला जावा भाषेत लिहिले. ज्या मुलांचे दोन पाय सारखे नसतात, त्यांचे बूट येथे घडतात. दवाखान्यातील मापे घेणाऱ्या बाई सीएसव्ही फाइल पाठवतात : प्रत्येक मुलाची एक ओळ, मापांमध्ये स्वल्पविराम, वर रकान्यांची नावे. ती नावे वाचून मी प्रत्येक मुलाचे ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या मापांची एक चौकट, तयार करतो; डाव्या पायाचे माप डाव्याच्या जागी, उजव्याचे उजव्याच्या जागी ठेवतो. मग कापणीचे यंत्र चालते.

रकाने मागेपुढे झाले तरी मी चुकत नसे. याला ना चहा लागतो ना रजा, असे कारागीर कौतुकाने म्हणत. पुढे सगळे मला विसरले. बिनबोभाट चालणाऱ्याची आठवण कोण ठेवतो?

एका दुपारी मात्र मी अडलो. आजोबांबरोबर आलेली एक मुलगी बाकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची धावण्याची शर्यत होती आणि जुने बूट आखूड झाले होते. तिला हवे असलेले लाल चामडे एकाच जोडापुरते उरले होते. तिच्या मापांच्या फाइलमध्ये ‘डावा’, ‘उजवा’ नव्हतेच. बाईंनी सोपे जावे म्हणून ‘लहान पाय’, ‘मोठा पाय’ असे लिहिले होते. आकडे कुठेही ठेवले असते, तरी यंत्राने मुकाट्याने कापले असते. मी थांबलो आणि हे रकाने ओळखत नसल्याचे पडद्यावर कळवले.

मालक बहिणीवर वैतागले. “अगं, पहिला तो डावा धर आणि मोकळी हो.”

“दादा, चामडं एकदाच कापता येईल. अंदाजाने कसं कापू?” असे म्हणून बहीण सरळ मुलीपुढे जाऊन बसली. “तुझा लहान पाय कोणता गं?”

“सध्या उजवा,” मुलगी म्हणाली. “पण तोही वाढतोय हं.”

मालकांनाही हसू आवरले नाही. बाईंना फोन झाला, रकान्यांना त्यांची नावे परत मिळाली आणि मी आनंदाने मापे जागच्या जागी पोहोचवली.

मित्रांनो, एखादे यंत्र अडले, तर लगेच त्याला दटावू नका. त्याला काय कळले नाही, ते आधी पाहा. त्या अडण्यात कुणाची तरी काळजी असू शकते.

संध्याकाळी लाल बूट पायांत नेमके बसले. नाडी बांधून होताच मुलगी दारातून सुसाट निघाली, आणि आजोबा काठी सावरत मागून सांगत राहिले, “अगं, शर्यत उद्या आहे.”