माझ्या बाजूचा काटा

आमच्या ट्रकमध्ये एक काटा माझ्या बाजूला होता. बाकीचे सगळे, वेगाचा, डिझेलचा, ब्रेकच्या हवेचा, ह्यांच्या समोर. हा एकटा माझ्या गुडघ्यांपुढे, दोन स्क्रूंवर बसवलेला. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय ते तो दाखवायचा. त्याची तार कारखान्यातून मोजून आलेली. ती तोडायची नाही आणि जोडायची नाही, नाहीतर आकडा खोटा येतो, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. ती तार ह्यांच्या बाजूपर्यंत पोचेना. म्हणून लग्नानंतर चौथ्या महिन्यात मी ट्रकमध्ये बसले, ती काम अंगावर घेऊनच.

काम सोपं होतं. चढ लागला की आकडा मोठ्यानं वाचायचा. इंजिनाच्या घरघरीत ओरडावंच लागे. मी "पाचशे ऐंशी" म्हटलं की ह्यांचा पाय जरा हलका व्हायचा, "सहाशे साठ" म्हटलं की गिअर खाली पडायचा. सातशेच्या वर तांबडी पट्टी होती. काटा तिथे जाऊन राहिला तर आत पिस्टन मेणासारखे वितळतात, हे ह्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगण्याचा सूर असा की जणू मीच ते वितळवायला निघाले आहे.

मुक्कामाला पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही हा ह्यांचा दुसरा नियम. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तापलेला असतो, एकदम बंद केलं तर त्यातलं तेल जागच्या जागी करपतं. काटा दीडशेवर उतरेपर्यंत गाडी नुसती गुरगुरत ठेवायची. चार मिनिटं, कधी सहा. खाली हमाल ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत असत आणि आम्ही दोघं वर बसून. दिवसभर ओरडून घसा बसलेला, त्यामुळे तेवढ्या वेळात आम्ही हळू बोलायचो. आमच्या थोरलीचं नाव ठरलं ते काटा तीनशेवरून दोनशेवर येता येता. भांडणंही तिथेच व्हायची. मात्र ती दीडशेच्या आत मिटवावी लागत, कारण इंजिन बंद झालं की हमालांना सगळं ऐकू जाई.

माझी नात आता ट्रकच्याच कारखान्यात इंजिनं तपासते. ती म्हणते, "आजी, आता कॉम्प्युटरच बघतो सगळं. ताप वाढला की तोच डिझेल कमी करतो." चांगलंच आहे. मी विचारलं, मग शेजारी बसलेल्या बायकोनं काय करायचं? तर म्हणाली, "झोपायचं."

ट्रक आमचा स्वतःचा होता. ह्यांनी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, तेव्हा कुठे तो दारात उभा राहिला. रोज सकाळी मालकाच्या ओट्यापाशी किल्लीसाठी ताटकळायचं, ह्याचा ह्यांना मनापासून तिटकारा. "हे इंजिन गेलं तर दुसरं घालायची आपली ऐपत नाही," हे म्हणायचे. "मग पुन्हा त्या ओट्यापाशी." म्हणून त्या काट्याला आमच्या घरात एवढा मान.

तिसऱ्या वर्षी दगडी लाद्यांचं काम मिळालं. माल जड, चढ लांब, गाडी धापा टाकायला लागली. मिस्त्री म्हणाले, पंप थोडा खोलतो, डिझेल जास्त जाईल, ताकद येईल. नेमके तेव्हा हे तापानं अंथरुणावर. गाडी सोडायला आणि आणायला धाकटे भाऊजी गेले. आणली ती हॉर्न वाजवतच.

"वहिनी, रेडा सोडला होता, घोडा घेऊन आलोय."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी पहिला चढ आहे. मी वाचलं, "चारशे सत्तर." हे खूश झाले.

"बघ, मिस्त्रीनं काय हात फिरवलाय. ताकद वाढली आणि ताप उतरला."

"इथे पाचशे साठ असतात."

"असतील कधीतरी."

"कधीतरी नाही. भरलेल्या गाडीला नेहमी. आणि डिझेल जास्त जळतंय म्हणता, मग ताप कमी कसा?"

"तुला काय कळतंय इंजिनातलं?"

"इंजिनातलं नाही कळत. आकडे लक्षात राहतात."

"लिहून ठेवलेत कुठे?"

"नाही."

"मग झालं तर."

मला लहानपणापासून आकडे राहतात. कुणाचं लग्न किती तारखेला, कुणाचं बाळ किती वजनाचं, सगळं. माहेरी त्याचं कौतुक व्हायचं, सासरी त्याची थट्टा. त्या रात्री जेवताना मी पुन्हा विषय काढला तर भाऊजी म्हणाले, "काटा खाली आला म्हणून काळजी करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. दादा, उद्या पगार वाढला तरी वहिनी डॉक्टरकडे नेतील तुला." सगळे हसले. सासूबाईही हसल्या. हसत हसतच त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली, म्हणून मी विषय सोडला.

चार खेपा तशाच झाल्या. मी वाचत होते आणि मनात वजाबाकी करत होते. टाकीपाशी नव्वद कमी. पुलाच्या चढाला शंभर कमी. जुन्या खाणीच्या वळणावर शंभराहून जास्तच. माणूस कुठेतरी चुकतो, कुठेतरी बरोबर येतो. हा काटा सगळीकडे सारखाच चुकत होता.

पाचव्या खेपेला मोठा घाट. लाद्या नेहमीपेक्षा जास्त भरलेल्या. हे जोरात होते, मागे काळा धूर सोडत एकेका गाडीला मागे टाकत होते. मी वाचत होते. पाचशे नव्वद. सहाशे वीस. सहाशे चाळीस. ह्यांचा पाय काही हलेना, कारण तांबडी पट्टी अजून लांब होती. मी मनात शंभर मिळवले. सातशे चाळीस. मी तोंड मिटून घेतलं.

"आकडा?"

मी समोर बघत राहिले.

"अगं, आकडा सांग. झोप लागली का?"

"मी नाही वाचणार."

"का?"

"खोटा आहे तो. खोटं वाचायला मी बसले नाहीये इथे."

मग माझ्या माहेराचा उद्धार झाला. माझ्या वडिलांपासून सुरुवात करून हे मामांपर्यंत आले. पण तीन वर्षांची सवय अशी, की आकडा कानावर पडल्याशिवाय ह्यांचा पाय कुठे ठेवावा ते त्यांना समजेना. पाव किलोमीटर कसेबसे गेले, आणि रस्ता रुंद होता तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून खाली उतरले. मीही उतरले.

दिवस मावळायला आला होता आणि डोंगराच्या कुशीत सावली दाट होती. त्यांनी बॉनेट वर उचललं. टर्बो आणि त्याच्या अलीकडचा सगळा लोखंडी पाइप निखाऱ्यासारखा लालभडक दिसत होता. चेहऱ्याला धग लागली तशी मी मागे सरले. हे मात्र तसेच वाकून तारेचा माग काढत होते. मग म्हणाले, "सुई मागे लावलीय."

तारेच्या टोकाची, धुराचा ताप मोजणारी सुई टर्बोच्या आधी असायला हवी. टर्बो फिरवण्यात त्या धुराचा बराच ताप खर्च होतो आणि पलीकडून तो शंभर-सव्वाशेनं थंड होऊन निघतो. आमची सुई पलीकडे होती. काटा चूक नव्हता. तो भलत्या जागेचं खरं सांगत होता.

उरलेला घाट आम्ही खालच्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं चढलो. मी चारशेच्या वर एकही आकडा वाचला नाही. वाचायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही.

परत आल्यावर मिस्त्रींनी हात झटकले. "सुईचं टोक तुटून टर्बोत गेलं असतं तर? आतल्या पात्यांचा चुरा झाला असता. म्हणून मागे बसवली. तुमच्या भावाला सांगितलं होतं मी."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं.

"मला म्हणाले, सुई सुरक्षित जागी बसवलीय," भाऊजी म्हणाले. "मला वाटलं, चांगलंच केलं की."

इंजिन उघडलं. सहातल्या दोन पिस्टनच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झालेल्या. मिस्त्रींनी एक माझ्या हातात ठेवला. "अजून एक घाट," ते म्हणाले. ते दोन पिस्टन बदलले की गाडी पुन्हा रस्त्यावर येणार होती. इंजिन वाचलं होतं.

गाडी सहा दिवस गॅरेजमध्ये राहिली. ह्यांना घरात बसून राहायची सवय नाही. कपाट आवरून झालं, नळ दुरुस्त झाला. चुकलं वगैरे म्हणणं ह्यांच्या स्वभावात नव्हतं आणि मीही वाट बघत नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी हे एक कोरी वही आणि पेन घेऊन स्वयंपाकघरात आले, जमिनीवर मांडी घालून बसले.

"सांग."

"काय सांगू?"

"सगळे चढ. पहिल्यापासून. कुठे किती."

मी कणीक मळता मळता सांगत गेले आणि हे लिहीत गेले. अक्षर मोठं, शाळेतल्या मुलासारखं. टाकी, पूल, खाण, जंगल खात्याची चौकी. भरलेली गाडी, रिकामी गाडी. तीस-पस्तीस चढ झाले. एका ठिकाणी मी अडले. नदीपलीकडचा लांबच लांब चढ, पहिल्या वर्षीचा, थोरली पोटात होती तेव्हाचा. कितीही आठवलं तरी आकडा येईना.

"हा कसा नाही आठवत मला?"

"तू झोपली होतीस," हे वहीतून डोकं न काढता म्हणाले.

"मग काटा कुणी बघितला?"

"कुणी नाही. दुसऱ्या गिअरमध्येच चढवली सगळी. दीड तास जास्त लागला."

मी मळायची थांबले. दोन वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या चढासमोरची जागा कोरी सोडली आणि पेन पुढच्या ओळीवर नेलं.

"हं. पुढचा सांग."