उतरला की उगवला

"पवित्र आत्मा उतरतो गं, उगवत नाही. भाजीपाला आहे का तो?"

दादा प्रयोगशाळेच्या दारातूनच सुरू झाला. काचेच्या बश्यांमधल्या पेशींना थेंबाथेंबानं खाऊ घालणाऱ्या आपल्या बहिणीला इथं सगळे थेंबमावशी म्हणतात, हेही तो पहिल्यांदाच ऐकत होता.

घोळ एका शब्दाचा होता. गेल्या रविवारी चर्चच्या आराधनेत शंभर माणसं एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करत होती, कुणी आपल्या भाषेत, कुणी कधी न शिकलेल्या अन्य भाषांत. त्या गलक्यातून, कुणीही सुरुवात न करता, एकच गाणं वर आलं. मावशी देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उठली आणि भारावून बोलून गेली, "आज आपल्यातून आत्मा उगवला!" चर्चच्या कारभारी वडील मंडळींच्या भुवया चढल्या. आता मंडळीचा पाळक असलेला तिचा सख्खा भाऊच निरोप घेऊन आला होता: शब्द मागे घे, नाहीतर गाणाऱ्यांतली पुढची जागा सोड. तीस वर्षांची जागा. नवरा गेल्यावर तिला त्याच जागेनं सावरलं होतं.

"बरं, घेते मागे," ती म्हणाली. "आधी इथं डोळा लाव."

दादानं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "हे काय गं? प्रत्येक ठिपक्याची धडधड वेगळीच. आमच्या बैठकीसारखं!"

"हृदयाच्या पेशी आहेत. कालच्या. आता ही चार दिवसांची बशी बघ."

सगळी बशी एका ठोक्यानं उडत होती.

"ताल कोण देतंय ह्यांना?"

"कुणीच नाही. एकमेकींना टेकल्या की जुळतं."

"म्हणजे देवाला कामच उरलं नाही म्हण की." त्याचा आवाज खोल गेला होता. मावशीला उमगलं: हा रागावलेला नव्हताच, घाबरला होता.

"अरे, वरून येऊन ढकललं तरच त्याचं काम का? जुळायची ही ओढ ह्यांच्यात कुणी घातली? उतरतो तो पाहुणा, दादा. हा घरचाच आहे."

दादानं पुन्हा डोळा लावला. बराच वेळ तो तसाच वाकून होता. मग निघून गेला.

रविवारी मावशी आपली आपण शेवटच्या बाकावर जाऊन बसली. शब्द मागे घ्यायला तिची जीभ काही रेटेना. गलका वाढला, वाढता वाढता जुळला, आणि गाणं झालं. दादानं व्यासपीठावरून दोन्ही हात उंचावले.

"आत्मा उत..."

तो थांबला.

"उगवला!" तो गरजला. "आपल्यातूनच उगवला! थेंबमावशी, मागे काय बसलीस? ये पुढं!"

माना वळल्या. वडील मंडळींतल्या, सगळ्यात जास्त भुवया चढवणाऱ्या म्हाताऱ्यानं वाटेत आडवी ठेवलेली काठी उचलून जवळ घेतली. मावशी ताठ मानेनं, डोळे न पुसता, चालत पुढं आली आणि आपल्या जागेवर उभी राहून गाऊ लागली. दादाची बोटं पवित्र शास्त्राच्या पुठ्ठ्यावर ताल धरत होती. ताल बशीतलाच होता.